घाटापर्यंत जाऊन ये

"यातली सैल तार कुठली?" आबांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "ही."

आबांनी चाक स्टँडला लावलं होतं आणि खिळ्याच्या टोकानं एकेक तार छेडत ते पुढं गेले होते. टिण्, टिण्, टिण्, टण्, टिण्. तारा म्हणजे सायकलचे स्पोक. आमच्या दुकानात त्यांना ताराच म्हणायचे. तिनं नेमकी चौथी पकडली. मलाही तीच ऐकू आली होती. तिच्याआधी ऐकू आली होती. आज ऐंशीच्या घरात असतानाही हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

"शाबास!" आबा म्हणाले. "कुठं शिकलीस गं?"

"सतार शिकते मी. गुरुजी रोज तरफांच्या बारीक तारा लावायला बसवतात. एक जरी उतरलेली राहिली तर जेवायला सोडत नाहीत."

आबा मोठ्यानं हसले. मी पंक्चरच्या घमेल्यातून ट्यूब वर काढली आणि उगीचच पुन्हा बुडवली. सात वर्षं मी वडिलांच्या त्या दुकानात बसत होते. आबांच्या तोंडून 'शाबास' निघतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ही गोष्ट मिरजेतली, त्रेसष्ट सालची. आमचं दुकान सतारी करणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. शेजारी बाबालालभाई भोपळे तासायचे, त्यांवर दांड्या बसवायचे आणि दिवसभर तारा लावत बसायचे. त्यांच्या शेजारी बसून बसून आबांना एक खोड लागली होती. बाकीचे मिस्त्री चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचे तो डोळ्यांनी. रिमशेजारी खडू धरायचा, चाक फिरवायचं, जिथं खडू लागेल तिथली तार आवळायची. आबा आधी कानानं चाक लावायचे आणि मग खडू धरायचे. म्हणायचे, "डोळ्याला सरळ दिसणारं चाक आतनं रडत असतंय. ऐकलं की कळतंय."

तारा आवळायची चावी म्हणजे एवढासा लोखंडाचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा. आबांची चावी त्यांच्या करगोट्याला बांधलेली असायची. ती त्यांनी कुणाला दिली नाही. मी सातवीतून शाळा सोडून दुकानात आले, तेव्हापासून पंक्चर माझी, ब्रेक माझे, कोन आवळणं, ग्रीस भरणं, चेन रॉकेलात धुऊन वाळवणं, सगळं माझं. गावातल्या बायका लेडीज सायकल घेऊन आल्या की त्यांच्या सीटची उंचीही मीच लावायचे. फक्त चाक नाही. दर दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की मी आबांच्या तोंडाकडे बघायचे. ते म्हणायचे, "अजून एक वरीस ऐक."

मी ऐकत होते. एकोणीस वर्षांची झाले तरी ऐकतच होते.

"नाव काय तुझं?" आबांनी तिला विचारलं.

"शरयू वैशंपायन. बाबा रेल्वेत आहेत. पुण्याहून बदली झाली आमची."

"आणि ही माझी यमुना." आबांनी माझ्याकडे खिळा रोखला. "घ्या! दोन-दोन नद्या आल्या दुकानात. कृष्णामाई तेवढी घाटावर ऱ्हायली."

ती माझ्याकडे बघून हसली. मला हसू आलं नाही. माझ्या नावावर आबा कधी विनोद करत नसत. तिच्या नावाशी जोडायला मिळालं तेव्हा त्यांना ते नाव सापडलं.

"सायकल कशाला पायजे? कॉलेजला?"

"कॉलेज पाच मिनिटांवर आहे, चालत जाते. मला हिंडायला हवीय."

"हिंडायला?"

"हो. पुण्यात आम्ही पाचसहा जणी दर रविवारी निघायचो. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं, भाकरी खायची, परत यायचं. इथंही तीन जणी तयार केल्यात मी. नरसोबाची वाडी, हरिपूर, मग दंडोबाचा डोंगर."

आबांनी हातातलं काम खाली ठेवलं. आमच्याकडे सायकल नेणारे म्हणजे दूधवाले, पोस्टमन, मास्तर, गिरणीत जाणारे. सायकल म्हणजे पोट. नुसतं हिंडण्यासाठी सायकल मागायला आलेलं ते पहिलं माणूस.

"मंग ती समोरची नको," आबा म्हणाले. तिनं दारातल्या चकचकीत काळ्या सायकलवर हात ठेवला होता. "ती वजनाला म्हैस हाय. दोन मैलांवर जिवाला कटाळा येईल. हिंडायची सायकल हलकी पायजे. आणि अंगाची पायजे. उभी ऱ्हा बघू."

त्यांनी खुंटीवरची सुतळी काढली आणि एक टोक तिच्या हातात दिलं. "कमरेच्या हाडावर धर." दुसरं टोक तिनंच वाकून टाचेशी टेकवलं. आबांनी सुतळीला गाठ मारली. मग हाताची लांबी, तिचीही गाठ. हे माप ते सगळ्यांचं घेत नसत. बहुतेकांना म्हणायचे, बसा, पाय पोचतोय का बघा, जावा.

गाठी मोजून त्यांनी मान वर केली आणि छताकडे बघितलं.

छताला एक हिरवी फ्रेम टांगलेली होती. मिशन कंपाउंडमधली एक म्हातारी नर्स परत आपल्या देशी जाताना ती आबांना देऊन गेली होती. लेडीज फ्रेम, पण एका हातानं उचलावी अशी हलकी. तिचा गंज मी खरवडला होता. दोन पावसाळे मी तिला तेल लावलं होतं. कुणी मला सांगितलं नव्हतं की ती माझी आहे. पण कुणी नाही असंही सांगितलं नव्हतं, आणि दुसरं कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं.

"यमे, ती काढ खाली," आबा म्हणाले.

मी स्टुलावर चढले आणि काढली.

*

पुढचे बारा दिवस आबा त्या सायकलवर लागले होते. एरवी त्यांना चार दिवस पुरले असते. हब जुना पण उत्तम प्रतीचा शोधला, रिमा नव्या घेतल्या, सीट रुंद नको म्हणाले. "रुंद सीट दारापुरती बरी. दहा मैलांवर मांडीला खाती." शरयू शिकवणीहून परतताना रोज संध्याकाळी यायची आणि फळकुटावर पाय हलवत बसायची.

आबा तिला सगळं सांगायचे. जे मला सात वर्षांत उष्ट्यासारखं इकडून तिकडून वेचावं लागलं, ते तिला ताटात वाढलेलं मिळत होतं.

"सीटवर बस. टाच पायडलवर ठेव. पाय सरळ झाला? झाला की. आता बोटं ठेव पायडलवर. गुडघा जरासा वाकतोय नव्हं? हीच तुझी उंची. एक बोटभर खाली घेतलीस तर गुडघा दुखंल, वर घेतलीस तर कंबर."

"आणि हँडल?"

"हँडल सीटच्या बरोबरीला. तू काय रेसला निघाली न्हाईस. आजूबाजूला बघत जायचं तर मान वर पायजे."

"मिस्त्रीकाका, तुम्ही गुरुजींसारखंच बोलता!"

"मंग जेवायला सोडतो का बघ," आबा म्हणाले आणि दोघं हसले. मी चहा आणला होता. तिचा कप तिच्यापुढं ठेवला आणि आबांचा जरा आपटला.

ती वाईट मुलगी नव्हती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. "यमुना, तूही चल ना रविवारी," ती एकदा म्हणाली. "तुला तर सगळ्यात चांगली चालवता येत असेल."

"आमच्या घरात सायकली असतात त्या दुसऱ्यांच्या," मी म्हटलं. "आमची कुठली?"

तिचा चेहरा पडला. मला फार बरं वाटलं.

त्या रात्री जेवताना मी आबांना म्हटलं, "मलाबी ऐकू आली होती तवा. ती सैल तार."

"ठाऊक हाय."

"मग?"

आबांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "तुला विचारलं की तू आधी माझ्या तोंडाकडं बघतीस. मला काय पायजे ते बघतीस. ती चाकाकडं बघती आणि बोलून टाकती. चुकलं तर चुकलं." मग म्हणाले, "तुझं सगळं आत ऱ्हातंय, यमे."

मला त्यातलं एवढंच कळलं, की ती बरी आणि मी नाही.

आणि बुधवारी ते झालं. मागचं चाक बांधून झालं होतं. चाळीस तारा. आबांनी ते स्टँडला लावलं, दोन फेरे आवळलं आणि तिसऱ्या फेऱ्याला थांबले. धोतराच्या घडीत हात घालून करगोट्याची गाठ सोडली आणि चावी शरयूच्या तळहातावर ठेवली.

"पाव फेराच. जास्त न्हाई. जी खाली वाजंल तिलाच."

तिनं चावी लावली, फिरवली, छेडली. पुन्हा लावली. तिची सतारीनं घट्टे पडलेली बोटं त्या चावीला सरावल्यासारखी होती. आबा डोळे मिटून ऐकत होते. शेजारून बाबालालभाईंनी डोकं बाहेर काढलं. "क्या बात है, मिस्त्री! एक मैफिल ठेवून द्या आता चाकाची!"

मी मागल्या खोलीत गेले. तिथं टायर काढायच्या पट्ट्यांच्या डब्यात, तळाशी, चिंधीत गुंडाळलेली माझी स्वतःची चावी होती. दोन वर्षांपूर्वी मी ती चोरून केली होती. पत्र्याच्या जाड पट्टीला कानस मारून मारून. आबांच्या चावीचं माप मी डोळ्यांनीच घेतलं होतं. एकदा तरी ते म्हणतील, 'घे, लाव,' आणि मी म्हणेन, 'माझी हाय की माझ्याकडं,' असं मनात धरून केली होती. मी ती हातात घट्ट धरली. बाहेर तारा वाजत होत्या, एकीसारखी दुसरी.

*

शनिवारी सायकल तयार झाली. रविवारी सकाळी शरयूची मंडळी वाडीला निघणार होती. दुपारी आबा जेवायला आणि पडायला घरी गेले. दुकानाची एक फळी लावून मी आत बसले होते. बाबालालभाईही झोपले होते. गल्लीत एक तारसुद्धा वाजत नव्हती.

मी डब्यातून चावी काढली.

काय करायचं ते मी तीन दिवस घोळवलं होतं. एखाद-दुसरी तार ढिली केली असती तर चाक डोलायला लागलं असतं, कुणालाही दिसलं असतं. मी चाळीसच्या चाळीस तारा सोडल्या, प्रत्येक पाऊण फेरा. एक संपली की छेडून बघायची, दुसरी तिच्याशी जुळवायची. शेवटी चाक फिरवून खडू धरला. केसाइतकाही फरक नव्हता. फक्त आवाज उतरला होता. सगळीच्या सगळी सतार दोन सुरांनी खाली यावी तसा.

मी तिला पाडणार नव्हते. एवढंच हवं होतं, की वाडीच्या वाटेवर दगडधोंड्यांत चाक हळूहळू वाकडं व्हावं, घासायला लागावं, तिनं सायकल हातानं ढकलत आणावी, आणि आबांना कळावं की चावी परक्याच्या हाती दिली की काय होतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. नंतरही पुष्कळ वर्षं सांगत आले.

खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यात मी मन लावून बांधलेलं, म्हणजे सोडलेलं, ते पहिलं चाक. आणि ते फार सुरेख जमलं होतं.

एक गोष्ट माझ्या ध्यानातून गेली होती. आमच्या दुकानाची रीत अशी, की नवीन बांधलेलं चाक गिऱ्हाइकाच्या आधी आम्ही चालवायचं. कृष्णाघाटापर्यंत जायचं आणि यायचं. मोठ्या सायकलींवर आबा जायचे. लेडीज सायकल असली की मी.

साडेचारला आबा आले. सायकल त्यांनी दारात घेतली, पुसली, पायडल उलटं फिरवलं. मग सवयीनं अंगठ्याचं नख मागच्या तारांवरून फिरवलं, आणि सरळ उभे राहिले.

"यमे," ते म्हणाले, "घाटापर्यंत जाऊन ये."

"माझं डोकं दुखतंय, आबा."

"वारं लागलं की थांबंल."

"नको. आज नको."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे मला अजून दिसतात. रागाचे नव्हते. एखाद्या चाकाचा आवाज ऐकताना असायचे तसे होते.

"तू जातीस, का मी जाऊ?"

मी ब्रेकचे रबर डब्यात मोजून ठेवत होते. "तुम्हीच जावा," मी म्हटलं.

आबांनी धोतर आवरलं आणि त्या हिरव्या लेडीज सायकलवर बसले. त्यांचे गुडघे हँडलला लागत होते. बाबालालभाई हातातला भोपळा सोडून बाहेर आले. "अहो मिस्त्री, नथ ऱ्हायली की! नथ घालून जावा!"

"तुमची द्या," आबा म्हणाले आणि पायडल मारलं.

ते हळू निघाले. फार हळू. आमच्या दारापासून कोपऱ्यावरच्या वडापर्यंत शंभर पावलंही नसतील. तेवढ्यात मला हाक मारता आली असती. 'आबा, थांबा,' एवढंच. माझं तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. मग मला त्या फेऱ्यांची, तिच्या तळहातावरच्या चावीची आठवण झाली आणि मी ते मिटलं. आबा वडापाशी क्षणभर रेंगाळल्यासारखे झाले, आणि वळले.

सहा वाजता शरयू आली. सायकल न्यायला, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. आम्ही दोघी रस्त्याकडे बघत बसलो. साडेसहाला टांगा आला. आबा मागं बसले होते, उजवा हात पंच्यानं गळ्यात बांधलेला. पायांपाशी सायकल. घाटाच्या उतारावर मोरीपाशी खड्ड्यात चाक गेलं आणि एकदम बसलं. मागच्या चाकाचा इंग्रजी आठ झाला होता.

आई घरून धावत आली. "म्हटलं होतं मी! म्हटलं होतं!" ती सगळ्यांदेखत म्हणाली. "परक्या पोरीच्या हातात चावी दिली की असंच व्हायचं. खेळ वाटला व्हय तिला?"

शरयू दोन पावलं मागं सरली. माझ्या मनात काहीतरी सुखानं हललं, आणि त्याच वेळी मी आबांच्या हाताकडे बघायचं टाळलं.

"न्हाई," आबा म्हणाले. वेदनेनं त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "तिचं काम चोख होतं. माझंच ऱ्हायलं. घाई झाली."

त्यांना दवाखान्यात न्यायला टांगा वळवला. आई त्यांच्याबरोबर गेली. दारात मी, शरयू आणि ते वाकडं चाक राहिलो. ती खाली बसली. मोडलेल्या तारा बाजूला सारून तिनं एक शाबूत तार छेडली. मग तिच्या शेजारची. मग पलीकडची. बराच वेळ छेडत राहिली.

"एखादी तार उतरते, यमुना," ती हळूच म्हणाली. "सगळ्या सारख्या कशा उतरतील?"

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग उठली, पेढ्यांचा पुडा माझ्या शेजारी फळकुटावर ठेवला आणि गेली.

*

हाड जुळलं. दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. पण उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची जाणीव परत आली नाही. चहाचा कप आबा डाव्या हातानं धरायला लागले. गिऱ्हाइकं येत होती, पंक्चर काढून घेऊन जात होती. चाकाचं काम आलं की मी म्हणायचे, आबा बरे झाले की या.

शरयू त्या सहा आठवड्यांत दोनदा आली, आबांना भेटायला घरी. मी चुलीपुढून उठले नाही. तिनं कुणाला काही सांगितलं असतं तर आईनं एव्हाना मला फाडून खाल्लं असतं. म्हणजे तिनं सांगितलं नव्हतं. हेच मला सगळ्यात जास्त सोसवेना. माझं गुपितही तिच्या ओंजळीत होतं, आणि तिथंही ती माझ्यापेक्षा बरीच निघाली होती.

एक दिवस आबा दुकानात आले आणि म्हणाले, "ती हिरवी सायकल काढ. नवी रिम आलीय. चाक बांधू."

"तुमचा हात..."

"तू बांध."

मी चाळीस तारा ओवल्या. आबा शेजारी स्टुलावर बसून होते. तारांच्या टोकांचे निपल हातानं फिरवून झाले, तशी मी थांबले.

"आता आवळ," ते म्हणाले.

"चावी कुठाय?"

आबांनी डाव्या हातानं धोतराच्या घडीतून करगोटा वर ओढला. एका हातानं गाठ सुटेना. मला सोडू दिली नाही. अंगठ्याच्या नखानं उकलून उकलून सोडली. चावी माझ्या पुढ्यात, स्टँडच्या पाटावर ठेवली.

"ही घे. तुझी तोंडाला सैल झालीय. निपलचे कोपरे खाती. टाकून दे ती."

माझे हात जागच्या जागी राहिले. बाबालालभाई शेजारी तार लावत होते. लावली, उतरवली, पुन्हा लावली. ती लागली तेव्हा मी विचारलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"कोपरे नंतर बघितले. आवाज तवाच कळला, नख फिरवलं तवा." आबा चाकाकडे बघत होते. "चाळीस तारा एकसारख्या उतरवायच्या आणि आऊट येऊ द्यायचा न्हाई. मिरजेत दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई ते. तिलाबी न्हाई."

"मग बसला कशाला तुम्ही?"

त्यांनी दुखऱ्या हाताची ती दोन बोटं दुसऱ्या हातानं चोळली.

"वडापर्यंत हळूच गेलो," ते म्हणाले. "म्हटलं, हाक मारशील."

मी रडले का, ते मला आठवत नाही. चाक बांधलं ते मात्र आठवतं. पाव पाव फेऱ्यानं, दुपारपासून दिवे लागायच्या जरा आधीपर्यंत. आबा एकदाही बोलले नाहीत. एकदाच मी एक तार छेडून त्यांच्या तोंडाकडे बघितलं, तर त्यांनी मान दुसरीकडे फिरवली. पुन्हा मी तिकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शरयू सायकल न्यायला यायची होती. ती वेळेआधीच आली. फळकुटावर बसायच्या आधी तिनं मागच्या तारांवरून बोट फिरवलं, पूर्ण चाकभर.

"लागलंय," ती म्हणाली. आबांना नाही, मला. आणि मग, "कुणी लावलं?"

"मी," मी म्हटलं. "आणि आधीचं उतरवलं तेही मीच."

"माहीत आहे," शरयू म्हणाली. तिनं हात मागं घेतला नाही, पुढंही केला नाही. "चालवून दाखव."

माझा मत्सर त्या क्षणी गेला, असं म्हणायला बरं वाटलं असतं. गेला नाही. दोन वर्षांनी तिच्या बाबांची बदली झाली, ती हिरव्या सायकलीसकट निघून गेली, तेव्हाही थोडा उरला होता. आबांनी तिला दिलेली ती पहिली 'शाबास' मला नंतर कितीही चाकं बांधून मिळाली नाही.

पण त्या संध्याकाळी मी साडीचा पदर खोचला आणि सायकल दारात घेतली. सीट तिच्या उंचीची होती. मला बोटभर उंच पडत होती. मी ती खाली केली नाही.

"घाटापर्यंत जाऊन ये," आबा म्हणाले.

मी निघाले. चाक खालून वाजत नव्हतं. चांगलं चाक वाजत नाही. बाबालालभाईंनी हात वर केला. मी वडापाशी पोचले आणि वळणार, तेवढ्यात मागून हाक आली.

"यमे!"

मी ब्रेक दाबला आणि एक पाय जमिनीवर टेकून मागं बघितलं. आबा दुकानाच्या पायरीवर उभे होते, डावा हात तोंडाशी धरून.

"काय, आबा?"

"काय न्हाई," ते ओरडले. "जा."